यंत्राला पत्ता कोण देतं? जुन्या प्रोप्रायटरी प्रोटोकॉलांची गोष्ट

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: पाठ्यपुस्तकात दोनच ओळी आहेत. एसएनए, डेकनेट, आयपीएक्स, ॲपलटॉक हे कंपन्यांचे बंदिस्त प्रोटोकॉल होते. टीसीपी/आयपी, म्हणजे आजच्या इंटरनेटचा प्रोटोकॉल, खुला होता, म्हणून तो जिंकला. एवढंच आहे का? आणि हे प्रोटोकॉल आतून होते तरी कसे?

एवढंच नाही. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम, थरावर थर रचलेले: खाली तारेचे, वर ॲप्लिकेशनचे. आधी 'बंदिस्त' या शब्दाचा गुंता सोडवू. मालकीचा म्हणजे गुपित, असं आपण धरून चालतो. आयबीएमची एसएनएवरची मॅन्युअलं कपाट भरेल इतकी होती आणि ती कोणालाही मिळत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने (पुढे नुसतं डेक म्हणतो) डेकनेटचे तपशील छापून दिले होते. झेरॉक्सने आपल्या एक्सएनएस या प्रोटोकॉलचे खालचे थर १९८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच कागदांवरून नोव्हेल, बन्यान, थ्रीकॉम या कंपन्यांनी आपापली दुकानं थाटली. कंपनीने स्वतःकडे राखला होता तो बदल करण्याचा अधिकार. पुढच्या आवृत्तीत काय येणार, कधी येणार आणि कोणत्या यंत्रावर चालणार, हे एकाच कंपनीच्या बैठकीत ठरायचं.

मी नेटवर्कच्या कामात पडलो तेव्हा एकाच केबलवर चार-चार प्रोटोकॉल सुखाने नांदत होते. सुखाने म्हणजे, आमचं सुख सोडून. तेव्हापासून एक सवय लागली आहे. नवा-जुना कुठलाही प्रोटोकॉल समोर आला की मी आधी बघतो, यंत्राला पत्ता कोण देतं. गिऱ्हाईक कोण आहे आणि नेटवर्क कोणाच्या ताब्यात असणार, याबद्दल कंपनीने काय गृहीत धरलं होतं ते तिथेच उघडं पडतं.

एसएनएपासून सुरुवात करतो. आयबीएमने तो १९७४ च्या सप्टेंबरात जाहीर केला. त्याआधी मेनफ्रेमवरचा (म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचा) प्रत्येक ॲप्लिकेशन आपल्या लाइनी आणि आपली टर्मिनलं, म्हणजे पडदा-कळफलकाची यंत्रं, स्वतःच सांभाळायचा. एका ॲप्लिकेशनच्या टर्मिनलवरून दुसरा वापरता येत नसे, म्हणून एकाच टेबलावर दोन-दोन टर्मिनलं ठेवायची पाळी यायची. एसएनएने सगळ्या लाइनी एकाच छत्राखाली आणल्या. मधोमध मेनफ्रेम, त्यात व्हीटॅम नावाचं सॉफ्टवेअर आणि व्हीटॅमच्या पोटात सगळ्या नेटवर्कचा कारभारी. मेनफ्रेमला टेकून ३७०५ सारखा कम्युनिकेशन कंट्रोलर, लाइनींची हमाली करायला. लांबच्या ऑफिसात क्लस्टर कंट्रोलर आणि त्याला जोडलेली ३२७० जातीची टर्मिनलं.

इथे टर्मिनलला पत्ता विचारून कोणी देत नव्हतं. तो आधीच मेनफ्रेमच्या व्याख्येत लिहिलेला असायचा. सकाळी कारभारी आधी कंट्रोलर जिवंत करण्याचा हुकूम पाठवायचा, मग त्यावरच्या एकेका टर्मिनलला उठवायचा, आणि मगच वापरणाऱ्याला लॉगऑन करता यायचं. लाइनवरही तोच कारभार होता. खालच्या थरात लाइन सांभाळणाऱ्या एसडीएलसी या प्रोटोकॉलमध्ये एक मुख्य आणि बाकी दुय्यम. मुख्य विचारणार, "तुझं काही आहे का?" आणि मग दुय्यम बोलणार. आपणहून तोंड उघडायची परवानगी कोणालाच नाही. सुरुवातीच्या काळात एक नवी लाइन वाढवायची तरी कंट्रोलरची अख्खी व्याख्या नव्याने तयार करून पुन्हा लोड करावी लागे, म्हणून ती कामं सुट्टीच्या दिवशी निघायची.

आज हे हुकूमशाहीसारखं वाटतं. पण ९,६०० बिट्स प्रति सेकंदाच्या लीज्ड (भाड्याने घेतलेल्या) लाइनवर पंधरा-वीस टर्मिनलं चालवून बघा, मग त्या माणसांबद्दल आदर वाटू लागतो. ३२७० चा पडदा २४ ओळी आणि ८० रकान्यांचा, म्हणजे १,९२० अक्षरं. सगळा पडदा पाठवायचा तर १५,३६० बिट, म्हणजे नुसत्या लाइनवरच १.६ सेकंद. म्हणून टर्मिनल प्रत्येक कळ मेनफ्रेमकडे पाठवत नसे. माणूस फॉर्म भरतो, चुका जागच्या जागी दुरुस्त करतो आणि एंटर दाबतो. त्या क्षणी फक्त बदललेले रकाने निघतात. साठ अक्षरं बदलली असतील तर ४८० बिट, एका सेकंदाचा विसावा भाग. आजचे वेब फॉर्म भरताना मला हटकून ३२७० आठवतो.

गर्दीची काळजीही एसएनएत पहिल्यापासून होती. सत्र बांधतानाच दोन्ही टोकं ठरवून घेत, की एका दमात किती पाठवायचं आणि पुढचा हप्ता कधी. त्याला पेसिंग म्हणत. इंटरनेटवाल्यांना ही अक्कल ठेच लागून आली. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावर वेग ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्स प्रति सेकंदावर कोसळला, आणि त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीत गर्दी आवरण्याची सोय घातली. तेव्हा 'जुनं ते मागास' असं कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

एसडीएलसीतली एक छोटी युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फ्रेमची, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या डेटाच्या एका गठ्ठ्याची, सुरुवात आणि शेवट ओळखायला ०११११११० ही खूण. मधल्या डेटात हीच खूण योगायोगाने आली तर घोळ होणार. म्हणून पाठवणारा लागोपाठ पाच १ गेले की स्वतःहून एक ० घुसवतो आणि घेणारा तो काढून टाकतो. डेटा काहीही असो, सहा १ सलग दिसले की ती खूणच. एचडीएलसी हा प्रोटोकॉल आणि एक्स.२५ या दुसऱ्या प्रोटोकॉलचा खालचा थर याच युक्तीवर उभे आहेत.

डेकचा स्वभाव अगदी वेगळा. ती मिनीकॉम्प्युटर विकणारी कंपनी, एकेका विभागाला एकेक यंत्र. मग राजा कोणाला करणार? १९७५ च्या पहिल्या डेकनेटपासून सगळी यंत्रं बरोबरीची. नोडचं, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राचं, नाव, पुढे दोनदा कोलन आणि मग फाइलचं नाव एवढं लिहिलं की दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडायची. व्हीएमएस या डेकच्या ऑपरेटिंग सिस्टमवर काम केलेल्या माणसाला अजून याची हुरहूर लागते. त्या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागली. १९८९ च्या ऑक्टोबरात नासाच्या नेटवर्कवर जो वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) पसरला, तो डेकनेटवरूनच.

डेकनेटच्या चौथ्या फेजमध्ये, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, पत्ता १६ बिटांचा झाला: ६ बिट एरियाला (नेटवर्कच्या एका भागाला) आणि १० नोडला. म्हणजे ६३ एरिया आणि प्रत्येकात १,०२३ नोड. हा आकडा नेटवर्क सांभाळणारा माणूस ठरवायचा. इथपर्यंत ठीक, पण याच फेजमध्ये इथरनेट, म्हणजे अनेक यंत्रं एका केबलवर जोडायची पद्धत, आली आणि इथरनेट कार्डाचा पत्ता ४८ बिटांचा, कारखान्यात कोरलेला. आयपीवाल्यांनी या दोन पत्त्यांची सांगड घालायला एआरपी काढला, म्हणजे केबलवर ओरडून विचारायचं की अमुक पत्ता कोणाचा. डेकने कार्डाचा पत्ताच बदलून टाकला.

हे एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. समजा नोड १.५. एरिया गुणिले १,०२४ अधिक नोड, म्हणजे १,०२९. हेक्साडेसिमलमध्ये (१६ च्या पायावर) ०४०५. बाइट उलटे केले की ०५-०४. त्याच्या आधी डेकचा ठरलेला उपसर्ग एए-००-०४-०० लावला की झाला कार्डाचा नवा पत्ता: एए-००-०४-००-०५-०४. आता विचारायची गरजच उरली नाही, समोरच्याचा नोड क्रमांक माहीत असला की कार्डाचा पत्ता मनातल्या मनात मांडता येतो. सुंदर, आणि तितकंच त्रासदायक. त्याच यंत्रावर टीसीपी/आयपी आधी सुरू झालं आणि डेकनेट मागून आलं, की कार्डाचा पत्ता चालता चालता पालटायचा आणि शेजारच्या यंत्रांनी लक्षात ठेवलेला जुना पत्ता खोटा ठरायचा. म्हणून यंत्र सुरू होताना डेकनेट सगळ्यांत आधी, हा दंडक. एका यंत्राची दोन कार्डं एकाच केबलवर लावली तर दोघांचा पत्ता एकच. पुढचं सांगायला नको.

झेरॉक्सने हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार असा, की ४८ बिटांचा पत्ता जगभरात एकमेव असेल तर तोच यंत्राचा कायमचा क्रमांक धरावा. एक्सएनएसचा पत्ता म्हणून तीन भागांचा झाला: ३२ बिट नेटवर्कला, ४८ बिट यंत्राला आणि १६ बिट सॉकेटला, म्हणजे यंत्रातल्या ठरावीक प्रोग्रामला. नोव्हेलने नेटवेअर या आपल्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरसाठी हे जसंच्या तसं उचललं आणि आयपीएक्स नाव दिलं. हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीचा पत्त्यांचा भाग, तोच, ३० बाइटचा. नेटवर्कला एक क्रमांक दिला की संपलं, यंत्रं आपल्या कार्डावरचा पत्ता वापरतात. एआरपी नाही, प्रत्येक यंत्रावर जाऊन आकडे भरणं नाही. लहान ऑफिसात जिथे नेटवर्कसाठी वेगळा माणूसच नसतो, तिथे हे वरदान होतं. (तो ३२ बिटांचा नेटवर्क क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये लिहायचा आणि त्यात ए ते एफ ही अक्षरंही चालतात, म्हणून आम्ही त्यात 'डेडबीफ' असले शब्द बसवायचो. विनोदाची पातळी तेवढीच होती.)

आयपीएक्सने मला जो धडा दिला तो मात्र हेडरच्या पहिल्या दोन बाइटांचा. तिथे चेकसम, म्हणजे चूक ओळखायचा आकडा, असतो, पण नोव्हेलने तो वापरलाच नाही. दोन्ही बाइट कायम एफएफ-एफएफ. नोव्हेलने काम सुरू केलं तेव्हा आयईईई या संस्थेचं इथरनेटचं प्रमाण पुरतं झालं नव्हतं, म्हणून त्यांनी त्यातल्या ८०२.३ प्रमाणे फ्रेमची लांबी लिहून त्यापाठोपाठ सरळ आयपीएक्सचा हेडर ठेवला. मध्ये आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा ८०२.२ चा थर हवा होता, तो गायब. पुढे प्रमाण आलं आणि एकाच आयपीएक्ससाठी इथरनेटवर चार फ्रेम प्रकार झाले. नेटवेअर ३.१२ पासून न सांगता मिळणारा प्रकारही ८०२.३ वरून ८०२.२ झाला.

तर एका ऑफिसात जुना सर्व्हर होता आणि मी त्याला नवी यंत्रं जोडत होतो. जुनी यंत्रं छान चालत होती, नव्यांवर "फाइल सर्व्हर सापडत नाही". मी केबल बदलली. केबलच्या टोकांचे टर्मिनेटर बदलले. कार्डं अदलाबदल करून पाहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी पॅकेट पाहायचं साधन लावलं तर नव्या यंत्रांची विचारणा केबलवर स्वच्छ दिसत होती आणि सर्व्हर ढिम्म. फ्रेमची सुरुवात बघितली: एका बाजूला एफएफ-एफएफ, दुसऱ्या बाजूला ई०-ई०, म्हणजे ८०२.२ मधली आयपीएक्सची खूण. दोघं एकाच तारेवर दोन भाषा बोलत होते. सेटिंगच्या फाइलमधली फ्रेम प्रकाराची एक ओळ बदलली, दोन मिनिटांत काम. चूक सर्वस्वी माझी होती, कारण वरच्या थरात घोळ असताना मी सहा तास तांबं तपासत बसलो.

आयपीएक्सचं दुखणं लांब अंतरावर बाहेर पडायचं. सर्व्हर, प्रिंटर, जी काही सेवा असेल ती एसएपी नावाच्या प्रसारणातून दर ६० सेकंदांनी जाहीर व्हायची. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ७ सेवा, प्रत्येकीला ६४ बाइट, हेडर वगैरे धरून ४८० बाइट. ७०० सेवा असलेल्या मोठ्या नेटवर्कमध्ये दर मिनिटाला अशी १०० पॅकेटं, म्हणजे ३,८४,००० बिट. ९,६०० च्या लाइनवर ही नुसती दवंडी पिटायलाच ४० सेकंद. उरलेल्या २० सेकंदांत ऑफिसचं काम करा! फाइल वाचण्याची तऱ्हाही तशीच: एक मागणी, एक उत्तर, मग पुढची मागणी. मध्ये राउटर (दोन नेटवर्क जोडणारं यंत्र) असला की तुकडा बहुधा ५१२ बाइटचा. ६४ केबीच्या फाइलला १२८ फेऱ्या. स्थानिक केबलवर ते कळतही नसे, पण उपग्रहाच्या दुव्यावर फेरीला अर्धा सेकंद धरला तरी मिनिटाच्या वर. नोव्हेलने पुढे पॅकेट बर्स्ट, म्हणजे एका मागणीला अनेक पॅकेटं पाठवायची सोय, आणून हे सावरलं, पण रचनेच्या मुळाशी असलेलं गृहीतक राहिलंच: केबल जवळची आहे आणि फुकट आहे.

ॲपलटॉक मला या सगळ्यांत सर्वांत देखणा वाटतो. १९८५ मध्ये तो आला तो मुख्यतः प्रिंटरसाठी. लेझररायटर या ॲपलच्या प्रिंटरची किंमत ६,९९५ डॉलर होती, एकेका यंत्राला एकेक देणं शक्यच नव्हतं, म्हणून वाटून घ्यायचा. ॲपलमधल्या गुरशरण सिद्धू यांच्या गटाने जाळं उभं केलं ते मॅकिंटॉशमध्ये आधीच असलेल्या सीरियल चिपवर, २३०.४ किलोबिट्स प्रति सेकंदाने. त्या लोकलटॉक नावाच्या जाळ्याच्या तारेवर फ्रेमची सुरुवात कशाने व्हायची माहीत आहे? ०११११११०. चिपला एसडीएलसीची रचना येत होती, ॲपलने ती वापरली. मेनफ्रेमवाल्यांची युक्ती प्रिंटरच्या तारेत शिरली ती अशी.

पत्त्याचं काय? इथे यंत्र स्वतःच एक आकडा मनाने धरतं आणि तारेवर विचारतं, "हा कोणाचा आहे का?" कोणी हो म्हटलं तर दुसरा आकडा. शांतता असली तर तो आपला. पुढच्या वेळी आधी तोच आकडा करून बघायचा. माणसाला आकडा दिसतच नाही, त्याला दिसतं नाव, प्रकार आणि झोन (नेटवर्कचा विभाग). चूझर ही मॅकवरची यादी उघडा, प्रिंटर निवडा, संपलं. आयपीच्या जगात पत्ते आपोआप वाटणारं डीएचसीपी आलं १९९३ मध्ये. तोवर तिथे बहुतेक यंत्रांत आकडे हाताने भरायचे. किंमत अर्थातच गोंगाटाची: राउटर आपली मार्गांची कोष्टकं दर १० सेकंदांनी एकमेकांना सांगत बसायचे.

नेटबायोसबद्दल थोडक्यात. १९८३ मध्ये सायटेक या कंपनीने तो आयबीएमच्या पीसींच्या जाळ्यासाठी बनवला. यात पत्ताच नाही, फक्त नाव. १६ बाइट, त्यातला शेवटचा सेवेच्या प्रकाराला, उरले १५. नेटब्यूई या प्रोटोकॉलच्या रूपात तो वेगवान होता, पण राउटरच्या पलीकडे जाण्याची सोयच नव्हती. विंडोजमध्ये यंत्राला १५ अक्षरांहून लांब नाव देऊन बघा आणि कुरकुर कोण करतं ते ओळखा.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. टीसीपी/आयपी खुला होता हे खरं, पण खुलं तर ओएसआय हे आंतरराष्ट्रीय प्रमाणही होतं. सरकारं त्याच्या पाठीशी होती, डेकने डेकनेटची पाचवी फेजच त्यावर बेतली, आणि तरी ते बाजारात उभं राहिलं नाही. माझ्या मते निर्णायक गोष्टी दोन. एक, १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर टीसीपी/आयपीचा चालता कोड विद्यापीठांच्या हाती पडला. तपशिलाचे कागद आणि चालता कोड यांत फार अंतर असतं. दोन, वर सांगितलेल्या प्रत्येक कंपनीने एकेका जगाचं गृहीतक धरलं होतं: मधोमध मेनफ्रेम, किंवा एकाच कंपनीची यंत्रं, किंवा एकच मजला. आयपीने खालच्या तारेबद्दल आणि वरच्या मालकाबद्दल जवळपास काहीच गृहीत धरलं नाही. म्हणून प्रत्येक कामात तो दुय्यम असूनही सगळ्यांच्या मधल्या फटीत बसू शकला.

शिवाय तो घरात पाहुणा म्हणून शिरला, हे पुस्तकं सांगत नाहीत. आधी एका कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एकाच प्रोटोकॉलला बांधलेला असायचा. ओडीआय आणि एनडीआयएस या ड्रायव्हरच्या दोन पद्धती आल्यावर एका कार्डावर दोन प्रोटोकॉल नांदू लागले. डॉसच्या ६४० केबीत दोघांना बसवताना मेमरीचा एकेक केबी वाचवण्यात आमच्या रात्री गेल्या, पण सर्व्हरसाठी आयपीएक्स आणि बाहेरच्या जगासाठी टीसीपी/आयपी असा संसार सुरू झाला. मग वेब आलं. नोव्हेलने १९९८ मध्ये नेटवेअर ५ थेट आयपीवर आणलं, तेव्हा पाहुण्याच्या नावावर घर झालेलंच होतं.

लिनक्सच्या कर्नलमधून आयपीएक्स २०१८ मध्ये निघाला, डेकनेट २०२२ मध्ये. पण डेकच्या पाचव्या फेजसाठी घडवलेला आयएस-आयएस आजही मोठ्या इंटरनेट सेवा कंपन्यांच्या जाळ्यात मार्ग ठरवतो, आणि गर्दी झाल्याचं पॅकेटमधल्या एका बिटाने कळवायची डेकमधली कल्पना २००१ मध्ये आयपीत आली. अभ्यास करायचाच असेल तर सिमएच या एम्युलेटरवर डेकचा एक व्हॅक्स संगणक उभा करा आणि एए-००-०४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पकडा.

आणि मग आयपीव्ही६ चा, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीचा, पत्ता यंत्राला कसा मिळतो ते वाचा. सुरुवातीची रीत: नेटवर्कचा भाग राउटरकडून घ्या, उरलेला भाग कार्डाच्या ४८ बिटांवरून बनवा. कार्डावरून माणसाचा माग काढता येतो हे लक्षात आल्यावर दुसरी रीत आली: तो भाग यंत्राने मनाने धरावा, केबलवर विचारावं की हा कोणाचा आहे का, आणि शांतता असली तर वापरावा.